पारवा आणि मुशी: कोल्हापुरात राहून पक्षी आणि शार्क यांची तुलना कशी करावी

कोल्हापूरला समुद्र नाही. गगनबावड्याचा नाहीतर आंब्याचा घाट उतरल्याशिवाय खारं पाणी दिसत नाही. तरी आपल्या गावात शार्क मिळतो. मासळी बाजारात बर्फाच्या पाटीत राखाडी अंगाची, चपट्या नाकाची मुशी असते ना, ती शार्कच. आणि पक्षी तर भवानी मंडपात पायापायांत फिरतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी कुणी ना कुणी ‘पक्षी आणि शार्क यांची तुलना’ असा प्रकल्प घेतं आणि दर वेळी तोच तक्ता समोर येतो. डावीकडे गरुड, उजवीकडे ग्रेट व्हाइट शार्क आणि खाली पंधरा-वीस ओळी: याला पंख, त्याला पर, हा हवेत, तो पाण्यात. सगळं बरोबर असतं. पण ते लिहिताना विद्यार्थ्याने काहीही पाहिलेलं नसतं, आणि एकाही ओळीपुढे ‘असं का?’ हा प्रश्न नसतो. सुरुवातीच्या काही वर्षांत अशा तक्त्यांना मीही पूर्ण गुण दिले, याचं मला आज वाईट वाटतं. म्हणून ही पद्धत सविस्तर लिहिते आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आणि मुलांच्या प्रकल्पात हात घालणाऱ्या पालकांना ती वापरता येईल. लागतं काय? एक वही, मोजपट्टी, फोनचा कॅमेरा आणि दोन रविवार.

पायरी १: जोडी नेमकी ठरवा

‘पक्षी’ म्हटलं की शहामृगही आला आणि शिंजीरही. ‘शार्क’ म्हटलं की पाचशेहून जास्त जाती आल्या. बसएवढा व्हेल शार्क त्यातलाच आणि हातभर लांबीची मुशीही त्यातलीच. एवढ्या मोठ्या दोन गटांची तुलना करायला गेलं की प्रत्येक वाक्याला अपवाद निघतो. म्हणून जात ठरवा, आणि शक्यतो अशी ठरवा की जी तुम्हाला खरोखर बघायला मिळेल.

माझी शिफारस: पारवा, म्हणजे कोलंबा लिव्हिया, आणि मुशी, म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. भारतात प्राणिशास्त्र शिकलेल्या कित्येक पिढ्या याच दोन प्राण्यांवर शिकल्या. तुमच्या काका-मावशीने बी.एस्सी. केलं असेल तर त्यांच्या जर्नलमध्ये दोघांच्या आकृत्या सापडतील. जुन्या वह्यांत मुशीचं नाव स्कोलिओडॉन सोराकोवा असं असतं. गोंधळू नका, पाठ्यपुस्तकांतला प्राणी हाच. काही पुस्तकं तिला डॉगफिश म्हणतात, पण परदेशी पुस्तकांतला डॉगफिश वेगळ्या कुळातला आहे. तिथली माहिती इथे चिकटवू नका.

पाळीव कबुतरंही चालतील. पेठांमध्ये ज्यांच्या माडीवर ढाबळ आहे त्यांची गिरेबाज असोत की पांढरी लक्का, जात एकच, कोलंबा लिव्हिया. चार्ल्स डार्विनने स्वतः कबुतरं पाळली होती ती याचसाठी: एका जातीतून माणसाने निवडून निवडून किती रूपं काढली ते हाताशी दिसतं. पण पाळीव कबुतराची मापं घेऊन ती रानपारव्याची म्हणून लिहू नका. जे मोजलं त्याचं नाव लिहा.

पायरी २: वही आखा

तक्ता आखायचा मोह होईल. थांबा. प्रत्येक अवयवासाठी अर्धं पान सोडा आणि त्यावर दोन प्रश्न लिहा.

पहिला प्रश्न: जागा एक आहे की काम एक आहे? पारव्याचा पंख आणि मुशीचा छातीजवळचा पर यांची जागा एक आहे. दोन्ही पुढची जोडी, दोघांच्या फार जुन्या समान पूर्वजाकडून आलेली. पुस्तकात याला समजात अवयव म्हणतात. उलट पारव्याचा पंख आणि मुशीची शेपटी यांची जागा वेगळी, पण एक काम सारखं: अंग पुढे ढकलणं. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले की अर्धी तुलना झाली.

दुसरा प्रश्न: हे मला कसं कळलं? प्रत्येक ओळीपुढे समासात खूण करा. स्वतः पाहिलं तर ‘पा’. वाचलं किंवा शिक्षकांनी सांगितलं तर ‘वा’. आणि दुसऱ्या प्राण्यावर बघून अंदाज केला तर ‘ब’, म्हणजे बदली.

ही खूण का, ते सांगते. आपल्याला पारवा जिवंत दिसतो आणि मुशी मेलेली. पारव्याची चाल, उड्डाण, पाणी पिणं सगळं समोर घडतं, पण त्याच्या पोटात काय आहे ते आपण पाहणार नाही. मुशीचं पोट उघडून बघता येतं, पण ती पोहते कशी ते कोल्हापुरात कधीच दिसणार नाही. म्हणजे एका बाजूला वागणूक आणि दुसऱ्या बाजूला शरीर, असा लंगडा पुरावा आपल्या हातात असतो. जिवंत पक्षी चपळ आणि पाटीतला मासा मंद, असं नकळत लिहिलं जातं. मी अशा वह्या पाहिल्या आहेत. खुणा केल्या की कुठल्या बाजूला ‘पा’ कमी पडतोय ते लगेच दिसतं.

पायरी ३: पारवा पाहा

सकाळी सात-साडेसातला भवानी मंडपात किंवा पंचगंगेच्या घाटावर जा. तासभर बसा. पकडू नका, घरट्यापाशी जाऊ नका, आणि वाळलेली विष्ठा खरवडू नका. तिची धूळ फुप्फुसांना खरोखर त्रास देते. ढाबळीत जायचं असेल तर तोंडाला मास्क लावा आणि बाहेर आल्यावर हात धुवा.

आधी चाल बघा. पारवा चालताना मान पुढेमागे करतो असं आपण म्हणतो. फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि डोकं एखाद्या फरशीच्या रेघेशी लावून बघा. डोकं मागे येतच नाही. ते पुढे फेकलं जातं, मग जागच्या जागी स्थिर राहतं, आणि तेवढ्या वेळात अंग खालून पुढे सरकतं. १९७८ साली फ्रॉस्ट नावाच्या संशोधकाने कबुतरांना फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं. पट्ट्यामुळे भोवतालचं दृश्य सरकेना, तेव्हा मान हलणं थांबलं. म्हणजे ही हालचाल तोल सांभाळायला नाही, नजर स्थिर ठेवायला आहे. हे वाचण्याआधी स्वतः व्हिडिओ घेतलेला असला की जो आनंद होतो तो वेगळाच.

मग पाणी पिणं. चिमणी चोचीत पाणी घेऊन मान वर करते. पारवा चोच बुडवून ओढून पितो. मग उड्डाण: एकदम उडताना पंखांचा टाळी वाजल्यासारखा आवाज येतो. शेपटी उतरताना पसरते, उडत असताना मिटलेली राहते. ही शेपटीची नोंद नीट ठेवा, पुढे लागणार आहे.

गळून पडलेली दोन पिसं उचला, एक पंखाचं लांब आणि एक अंगावरचं मऊ. बोटांत धरून पीस उलट दिशेने ओढा, फाटल्यासारखं होईल. मग सुलट दिशेने दोन-तीनदा फिरवा, पुन्हा जुळेल. बारीक तंतूंवर आकडे असतात आणि ते एकमेकांत अडकतात. पक्षी चोचीने पिसं साफ करताना दिवसभर हेच करत असतो.

पायरी ४: मुशी आणा

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा प्रकल्प जूनमध्ये सुरू करायचा असेल तर मुशीचं काम आधी उरका किंवा ऑगस्टनंतर ठेवा. सकाळी लवकर जा, घाटावरून येणारा माल तेव्हाच ताजा असतो.

बाजारात मुशी हे नाव कुठल्याही लहान शार्कला लावतात. मोठा असेल तर मोरी. तुम्हाला स्कोलिओडॉन हवी असेल तर तीन गोष्टी बघा. नाक गवंड्याच्या थापीसारखं चपटं आणि पसरट. छातीजवळचे पर रुंद, त्रिकोणी. आणि पाठीवरचा पहिला पर बराच मागे, छातीच्या परांपेक्षा कमरेच्या परांना जवळचा. पाठीवरचा पहिला पर छातीच्या परांच्या लगेच मागे उभा असेल तर ते बहुधा दुसऱ्या, मोठ्या शार्कचं पिल्लू असतं. ते घेऊ नका. वाढायला कित्येक वर्षं लागणारा तो प्राणी आहे आणि आपल्या प्रकल्पाला त्याची गरज नाही.

पूर्ण वाढलेली मुशी साधारण ३५ ते ६० सेंटिमीटर भरते. मासळीवाल्या मावशींना आधीच सांगा, ‘मावशी, सोलू नका, डोकं काढू नका, पोटही साफ करू नका, अख्खी द्या.’ मला दर वेळी उलटा प्रश्न येतो, ‘मग खाणार कशी ओ?’ अभ्यासाला हवी म्हटलं की बहुतेक मावशी कौतुकाने नर कुठला, मादी कुठली तेही दाखवतात. नराच्या कमरेच्या परांना आतल्या बाजूला दोन कांड्या असतात. त्या लांब आणि कडक असतील तर नर वयात आलेला. नवशिक्या विद्यार्थ्यापेक्षा त्यांची नजर तयार असते. त्यांनी सांगितलेलं वहीत लिहा आणि पुढे ‘वा’ करा.

या कामासाठी प्राणी मारायचा नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली महाविद्यालयांतलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायच्या सूचना दिल्या. आपण करतोय ते स्वयंपाकघरातलं काम आहे: जेवणासाठी आणलेली मुशी, कापताना नीट बघितलेली. व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्याचा तुकडा कुणी दाखवला तरी हात लावू नका.

घरी आणल्यावर कापायच्या आधी वीस मिनिटं फक्त बाहेरून बघा. नाकापासून शेपटीकडे बोट फिरवा, गुळगुळीत. शेपटीकडून नाकाकडे फिरवा, पॉलिश पेपर. त्वचेवर अगदी बारीक दातच रोवलेले आहेत. त्यांची घडण खरोखर दातांसारखी असते, आत दंतिन आणि वर एनॅमलसारखा कठीण थर. इथे एक सापळा आहे. पारव्याच्या पायावरही खवले असतात, आणि विद्यार्थी उत्साहाने ‘दोघांना खवले असतात’ असं लिहितात. पायावरचे खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्या आणि पारव्याच्या पिसांच्या पदार्थाचे. मुशीचे दातांच्या पदार्थाचे. शब्द एक, वस्तू दोन.

थापीसारख्या नाकाच्या खालच्या बाजूला सुईने टोचल्यासारखी छिद्रं दिसतील. मासा ताजा असेल तर हलकं दाबल्यावर त्यांतून जेलीसारखा पदार्थ येतो. ही लोरेन्झिनीची कुपी. भक्ष्याच्या स्नायूंमधून निघणारी सूक्ष्म वीज शार्कला यातून कळते. पारव्याकडे असं काहीही नाही, आणि आपल्याकडेही नाही. तेव्हा ‘वीज कळणं म्हणजे कसं वाटत असेल’ हा प्रश्न वहीत नुसता लिहून ठेवा.

डोळ्याकडे या. काडीने खालची कड हळूच उचला, आतली पापणी सापडेल. ती खालून वर येते. पारव्याच्या स्लो मोशन व्हिडिओत डोळ्याच्या कोपऱ्यातून आडवा सरकणारा पांढरट पडदा दिसतो. काम एकच, डोळा वाचवणं. पण बऱ्याच शार्कांना ही पापणी नसतेच. मुशीच्या गोतावळ्यात ती स्वतंत्रपणे तयार झाली. वहीत लिहा: काम एक, मूळ वेगळं.

पायरी ५: कोण ढकलतं, कोण उचलतं, कोण वळवतं

माझ्या मते या तुलनेचा गाभा हाच, म्हणून इथे घाई नको. हवेत किंवा पाण्यात फिरणाऱ्या कुठल्याही प्राण्याला तीन कामं करावी लागतात: पुढे जाणं, खाली न पडणं आणि वळणं. दोन्ही प्राण्यांत ही कामं कुणाकडे आहेत ते शोधा.

पारव्यात पुढे ढकलणं आणि उचलून धरणं ही दोन्ही कामं पंखांकडे. टोकाकडचा भाग जास्त ढकलतो, अंगाजवळचा जास्त उचलतो. शेपटी वळायला आणि थांबायला. भवानी मंडपात उतरताना ती पसरली होती, आठवतंय? पारव्याची लांबी साधारण ३२ सेंटिमीटर आणि पसरलेले पंख ६४ ते ७२ सेंटिमीटर. म्हणजे लांबीच्या दुपटीहून थोडं जास्तच. हेच गुणोत्तर मुशीसाठी काढा: एका छातीच्या पराच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं माप भागिले एकूण लांबी. उत्तर एकाच्याही बरंच खाली येईल.

का? कारण मुशीत ढकलण्याचं काम शेपटीकडे आहे. छातीचे पर वर-खाली जाणं आणि वळणं सांभाळतात. आणि पाणी हवेच्या आठशे पट दाट असल्यामुळे अंगाचं बरंचसं वजन तेच तोलून धरतं. रोहू-कटल्याच्या पोटात हवेचा फुगा असतो, तो चिरताना तुम्ही पाहिला असेल. शार्कला तो नसतो. त्याऐवजी मोठं, तेलकट यकृत; तेल पाण्यापेक्षा हलकं. एवढं असूनही मुशी पाण्यापेक्षा थोडी जडच राहते. पोहणं थांबलं की ती खाली जाऊ लागते.

शेपटीचं माप घ्याच. मुशीच्या शेपटीचा वरचा भाग लांब आणि पाठीचा कणा त्यातच शिरलेला. पक्ष्यात उलट: शेपटीचे मणके आखूड होऊन टोकाला एकत्र जुळलेले. कोंबडीचं बूड म्हणतात त्याच्या आत ते हाड असतं, आणि लांब दिसते ती सगळी पिसांची शेपटी. एकाने शेपटीचा कणा राखला कारण त्यावर जोर द्यायचा आहे. दुसऱ्याने तो आखडला कारण जोर पंखांकडे गेला. सुरी न लावता एवढं कळतं.

आणि तरी दोघांची बाह्यरेषा सारखी: पुढे निमुळती, मध्ये जाड, मागे पुन्हा निमुळती. ही त्यांना पूर्वजाकडून मिळालेली नाही. वाहत्या हवेतून किंवा पाण्यातून कमी अडथळ्याने जायचं तर हाच आकार लागतो.

पायरी ६: सुरी लावल्यावर

हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. पारव्याऐवजी चिकनवाल्याकडून एक अख्खी कोंबडी आणा, मान आणि काळीज-पोट्यासकट. वहीत ‘ब’ ही खूण आता भरपूर येईल, आणि बदलीची मर्यादा पहिल्याच मिनिटाला कळेल. कोंबडीच्या यकृताला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी चिकनवाला जपून काढतो, फुटली तर रस्सा कडू होतो. पारव्याला ही पिशवीच नसते. छातीचं मांसही बघा: कोंबडीचं फिकट, कारण ती क्षणभर फडफडते. पारव्याचं गडद लाल, कारण त्याला तासन् तास उडायचं असतं. मुशीचा आडवा काप घेतलात तर तिच्यातही दोन रंग दिसतील. बहुतेक मांस पांढरं आणि कडेला त्वचेखाली गडद पट्टी. सतत पोहायला गडद पट्टी, अचानक झेपेला पांढरं मांस. रंगाचं कारण दोघांत एकच, ऑक्सिजन साठवणारं मायोग्लोबिन.

मुशीचा कणा सुरीने सहज कापला जातो, कारण तो कूर्चेचा आहे, हाडाचा नाही. मणका उकळून साफ केला की दोन्ही बाजूंनी खोलगट अशी चकती निघते. कोंबडीच्या मानेचा मणका शेजारी ठेवा. तो खोगिरासारखा, म्हणून मान वाटेल तिकडे वळते. कोंबडीच्या पंखाचं खांद्याकडचं पहिलं हाड मोडून बघा, आत पोकळी. तंगडीची नळी मोडा, आत मगज. पंखाच्या त्या पोकळीत हवा असते आणि ती श्वसनाच्या पिशव्यांशी जोडलेली असते. कूर्चा आणि पोकळ हाड, दोन्हींमुळे सांगाडा हलका होतो. पण मुशीची कूर्चा म्हणजे ‘हाड व्हायचं राहून गेलेलं’ असं लिहू नका. शार्कांच्या दूरच्या पूर्वजांना हाड होतं. त्यांनी ते सोडलं.

मुशीचं आतडं उभं चिरा. बाहेरून आखूड, सरळ नळी दिसते, आणि आत पडदा सुरळीच्या वडीसारखा गुंडाळलेला. अन्न पुढे सरकताना त्याच्या घड्यांतून जातं, त्यामुळे आखूड आतड्यातही शोषायला भरपूर जागा मिळते. कोंबडीचं आतडं उलट लांबच लांब. पोटा चिरला तर आत खडे; पक्ष्याला दात नाहीत, दळायचं काम तिथे. मुशीचे दात मात्र नुसते पकडायला. लहान मासे, कोळंबी, माकूल ती जवळजवळ अख्खेच गिळते, आणि झिजलेल्या दातांच्या जागी आतल्या रांगेतले नवे पुढे येतात.

पायरी ७: श्वास आणि रक्त

मुशीच्या गळ्याशी दोन्ही बाजूंना खाचा मोजा: पाच-पाच. रोहूसारखं वर झाकण नाही. पाणी तोंडातून आत, कल्ल्यांवरून जाऊन या खाचांतून बाहेर. एकाच दिशेने.

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलीलिटर ऑक्सिजन असतो. एक लिटर कोमट समुद्राच्या पाण्यात जेमतेम ५. एवढ्या थोडक्यातून जास्तीत जास्त ओढायचं तर पाणी आत-बाहेर हलवत बसणं परवडत नाही.

आता पक्षी. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने येते त्याच वाटेने जाते. पारव्याला फुप्फुसांबरोबर नऊ हवेच्या पिशव्या असतात, आणि त्यांच्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते. आत आलेली हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात. म्हणजे श्वसनाच्या या एका बाबतीत पारवा आपल्यापेक्षा मुशीच्या जवळचा वाटतो. अवयव वेगळे, मूळ वेगळं, युक्ती तीच. हे मी वर्गात पहिल्यांदा सांगते तेव्हा मागच्या बाकावरही शांतता होते.

हृदय मुशीच्या घशाखाली, कल्ल्यांच्या मागेच सापडतं. एक अलिंद, म्हणजे रक्त घेणारा कप्पा, आणि एक निलय, म्हणजे रक्त ढकलणारा कप्पा. रक्त हृदयातून कल्ल्यांकडे, तिथून थेट सगळ्या शरीराला आणि मग परत. कल्ल्यांच्या बारीक वाहिन्यांतून जाताना दाब उतरतो. कोंबडीचं हृदय उभं कापलं तर चार कप्पे दिसतात, डाव्या बाजूची भिंत जाड. फुप्फुसाकडे जाऊन आलेलं रक्त पुन्हा हृदयात येतं आणि नव्या जोराने शरीराकडे जातं. पारव्याचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, दिवसरात्र. त्यासाठी साधारण ३०० ग्रॅमच्या पारव्याला रोज ३० ग्रॅमच्या आसपास दाणे लागतात, म्हणजे वजनाचा दहावा भाग. मुशीचं अंग समुद्राइतकंच उबदार, त्यामुळे तिचा खर्च कितीतरी कमी.

पायरी ८: वास आणि पांढरे ओघळ

मुशी शिळी झाली की अमोनियाचा उग्र वास मारते, म्हणून आपल्याकडे तिला हळद-मीठ, कोकम लावून धुतात. कारण रक्तात आहे. समुद्राचं पाणी खारट. अंगातलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून शार्क युरिया शरीरातच साठवून ठेवतो. मेल्यावर जीवाणू त्याचा अमोनिया करतात. जादा मीठ टाकायला आतड्याच्या शेवटी एक खास ग्रंथी असते.

पारव्याचा प्रश्न उलटा नाही, तोच आहे: पाणी वाचवा. उत्तर वेगळं. तो नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ कोरडाच टाकतो. भवानी मंडपाच्या भिंतींवरचे पांढरे ओघळ म्हणजे तेच. पाण्याची पिशवी अंगात बाळगावी लागत नाही, उडणाऱ्याला तेवढंच वजन कमी.

पायरी ९: पिल्लं

इथे तक्तेवाले हमखास चुकतात. ‘पक्षी अंडी घालतो, मासाही अंडी घालतो’ असं लिहून मोकळे होतात. मुशी अंडी घालत नाही. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, त्यात पोषण जवळपास नाहीच. ते आईच्या पोटातच वाढतं, नाळेसारख्या जोडणीतून आईकडून अन्न घेतं, आणि पाच-सहा महिन्यांनी १२ ते १५ सेंटिमीटरची पिल्लं जन्मतात, बहुधा ६ ते १८. जन्मल्यापासून ती स्वतःच्या जिवावर.

पारवी दोन अंडी घालते. १७ ते १९ दिवस नर-मादी आळीपाळीने उबवतात. सगळं अन्न अंड्यातच भरून दिलेलं. पण पिल्लू बाहेर आल्यावर दोघंही, नरसुद्धा, गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दाट, दुधासारखं अन्न त्याला भरवतात. महिनाभरात पिल्लू उडायला लागतं.

एकीने पोटात असताना खर्च केला, दुसऱ्याने अंड्यात आणि नंतर घरट्यात. मुशी कापताना पिल्लं सापडली तर त्यांची लांबी मोजा, संख्या लिहा, महिना लिहा. आईला दाखवा, घाबरू नका.

पायरी १०: लिहायला बसा

वही समोर ठेवा आणि आधी ‘पा’ असलेल्या ओळी घ्या. प्रत्येक परिच्छेद कामाच्या नावाने सुरू करा, प्राण्याच्या नावाने नको. नमुना देते: ‘पुढे जाण्यासाठी पारवा पंख वापरतो, मुशी शेपटी. माझ्या मापानुसार पंखांचा पसारा लांबीच्या दुपटीहून जास्त आहे, मुशीच्या परांचा त्याहून पुष्कळ कमी. पंख आणि छातीचा पर समजात आहेत, पण मुशीत ढकलण्याचं काम त्या जोडीकडे नाही.’ तीन वाक्यं, त्यात निरीक्षण, माप आणि कारण.

‘प्रगत’ आणि ‘मागास’ हे शब्द गाळा. पारवा आणि मुशी यांचा समान पूर्वज साधारण ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, जबडा असलेला मासा. तेव्हापासून दोघांच्याही रेषा तितकाच काळ चालत आल्या आहेत. जबडा, मणके, कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, जोडीची पुढची अंगं हे दोघांनी त्याच्याकडूनच घेतलं. तेवढं एका वेगळ्या पानावर लिहा. ‘थंड रक्ताचा’ याऐवजी ‘भोवतालच्या पाण्याच्या तापमानाचा’ लिहा. आणि कोण जिंकेल, गरुड की शार्क, असलं काही नको. ते दोघे कधी भेटत नाहीत.

‘ब’ खुणेच्या ओळी खोडू नका. ‘हृदयाचे चार कप्पे मी कोंबडीत पाहिले, पारव्यातही चार असतात असं वाचलं’ हे वाक्य तोंडी परीक्षेत तुम्हाला वाचवतं. परीक्षक विचारतात, ‘तू स्वतः काय बघितलंस?’ तेव्हा बोट ठेवायला जागा असते.

शेवटचं काम हाताचं. मुशीचे दोन-तीन मणके पाण्यात उकळून, जुन्या टूथब्रशने घासून, चार दिवस सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर वाकतात. पारव्याचं पीस साबणाच्या पाण्यात धुऊन वर्तमानपत्रात दाबून ठेवा. दोन्ही जाड कागदावर चिकटवा आणि खाली पेन्सिलने लिहा: कुठे मिळालं, कुठल्या तारखेला, कोणी दिलं. शाई पुसट होते, पेन्सिल टिकते.